पंचेचाळीसचा घण

२ जानेवारी, सकाळी

ही वही माझी. दुसऱ्या कोणी उघडली तर बोटं मोडीन.

ऑफिसच्या बोर्डावर ऑर्डर लागली. अतिक्रमण विभागात निरीक्षकाची एक जागा. खात्यातल्या कोणीही बसावं, पण स्पर्धा परीक्षा. एका प्रश्नाला चार पर्याय, चुकला की मार्क कापणार. माझ्या वयाला ही शेवटची संधी. पुढच्या वेळी फॉर्मसुद्धा देणार नाहीत.

माझा जन्म पथकात मुकादमकी करण्यात गेला. टपऱ्या, ओटे, शेड, भिंती, काय पाडायचं ठेवलं नाही. ट्रकच्या मागे घण-पहारींबरोबर उभं राहून जायचं, दगड खायचे, परत यायचं. निरीक्षक जीपमध्ये पुढच्या सीटवर बसतो, काच खाली करतो, बोट दाखवतो, काच वर करतो. मला ती सीट पाहिजे. बस्स.

बारक्यानेही फॉर्म भरलाय. बारक्या म्हणजे हिचा धाकटा भाऊ. माझ्या हाताखालीच काम करतो, मीच चिकटवला. बाजूला घेऊन नीट समजावलं, एका घरातून दोघं कशाला. तर म्हणाला, दाजी, परीक्षा काय तुमच्या घरची आहे का. मी हात उचलला नाही. हात आपोआप गेला. मग त्याचाही आला. कँटीनचं एक टेबल गेलं. ते आधीपासून डगमगतच होतं.

संकल्प: एक, रोज अभ्यास. दोन, परीक्षा होईपर्यंत कोणावर हात टाकायचा नाही. साहेब होणारा माणूस शांत पाहिजे. दोन्ही उद्यापासून.

३ जानेवारी, संध्याकाळी

पुस्तक आणलं. चाळलं. काही दम नाही. सामान्य ज्ञान मला जन्मापासूनच आहे. राहिलं गणित, आणि गणितात ती त्रिकोणमिती. साइन, कॉस, टॅन. त्यांच्या पाठोपाठ कोसेक, सेक, कॉट. सहा जणांची टोळी, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर तो थीटा.

‘नित्य समानता’ हा धडा उघडला. मध्ये बरोबरचं चिन्ह, म्हणजे दोन्ही बाजू समान. छापलंय तसं. आणि वर लिहिलंय, सिद्ध करा. अरे, समान आहे म्हणतोस ना? माझा काही आक्षेप नाही. मग सिद्ध कोणासाठी करायचं?

पुस्तक खिडकीला लागलं. काच पातळ होती. ही आतून म्हणाली, अहो, त्या काचेने तुमचं काय घोडं मारलं होतं? मी म्हणालो, अभ्यासात व्यत्यय नको. ती म्हणाली, अभ्यासाचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेलाय.

काच म्हणजे माणूस नाही. संकल्प शाबूत.

६ जानेवारी

मास्तर धरला. बाजाराच्या मागे सायकलच्या दुकानावर राहतो. रिटायर गणित शिक्षक, ऐंशीच्या पुढचा, वाऱ्याने उडेल असा. बाहेरून विटांचा जिना, वर एक खोली, खोलीत फळा. जिना फूटपाथवर आलाय हे चढतानाच बघितलं. सवय.

वर गेलो तर बारक्या आधीच बाकावर. गालावर माझी कँटीनची खूण घेऊन बसलेला. म्हणाला, या दाजी, जागा धरून ठेवलीय. दात पाडायची इच्छा झाली. पाडले नाहीत. याला म्हणतात संयम.

मास्तरने फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर एक. एक अधिक टॅन वर्ग बरोबर सेक वर्ग. एक अधिक कॉट वर्ग बरोबर कोसेक वर्ग. म्हणाला, ही तीन पाठ करा, बाकी सगळी यांचीच पिल्लावळ. मग लगेच मला विचारलं, साइन वर्ग अधिक कॉस वर्ग किती? मी म्हणालो, ते साइन किती नि कॉस किती यावर आहे.

लाकडी पट्टी. आडवी नाही, उभी. बोटांच्या पेरांवर.

मी आयुष्यात डोक्यावर दगड घेतलेत, पाठीवर पत्रा घेतलाय. डोळ्यात पाणी आलं ते खडूच्या धुळीने. मास्तर म्हणाला, अहो मुकादम, थीटा कितीही असो, उत्तर एकच. म्हणून तर तिला समानता म्हणतात. बारक्या खाली मान घालून हसत होता. त्याला मी बघून घेईन. परीक्षेनंतर.

९ जानेवारी

मास्तरची पद्धत मला पटत नाही. म्हणे एकच बाजू हातात घ्यायची. डावी किंवा उजवी. तिला हळूहळू सोडवत दुसरीसारखी करायची. दुसरीला हात लावायचा नाही. मी दोन्ही बाजूंनी एकदम घुसलो. इकडून गुणलं, तिकडून भागलं, मध्ये जे सापडलं ते खोडलं. शेवटी शून्य बरोबर शून्य उरलं. भिंत अशीच पाडतात. मी म्हणालो, सर, मैदान साफ.

पट्टी. दोन्ही हातांवर.

म्हणाला, मुकादम, इथे पाडायचं नाही, पोचायचं आहे. शाळामास्तरांची बोलायची ही पद्धतच असते. बारक्याने तेच गणित चार ओळींत केलं. नक्कल करून केलं असणार. कोणाची केली ते कळलं नाही, खोलीत आम्ही दोघंच होतो.

१३ जानेवारी, दुपारी

अभ्यास झाला नाही. कारण योग्य आहे. भाजीबाजारात कारवाई होती. गाड्यावाल्यांनी दगड टाकले, एकाने तराजूचं पारडं फेकलं. भुवईच्या वर टाके पडले. पारडं फेकणाऱ्याला मी धरला आणि त्याच्याच गाड्यावर आडवा केला. गाडा मोडला. ड्यूटीवरचा हात मोजायचा नसतो, म्हणून संकल्पात दुरुस्ती: ड्यूटी सोडून कोणावर हात टाकायचा नाही.

ही टाक्यांवर हळद लावताना म्हणाली, या वयात पुढच्या सीटवर बसा नाहीतर घरी बसा, पण ते मागचं उभं राहणं आता थांबवा. दरवेळी कपाळ मी शिवून घेणार नाही. मी म्हणालो, झालीच समज सीट.

१६ जानेवारी

सापडलं! सापडलं!

ड्रायव्हरच्या मोबाइलवर एक दाढीवाला व्हिडिओत बोलत होता. सूत्रं विसरा. सिद्ध बिद्ध विसरा. प्रश्न आला की थीटाच्या जागी पंचेचाळीस टाका. पर्यायांतही टाका. जो जुळेल तो बरोबर. पुढचा प्रश्न.

करून बघितलं. साइन अधिक कॉस, त्याचा वर्ग. त्यात साइन वजा कॉस, त्याचा वर्ग मिळवायचा. पंचेचाळीसला साइन नि कॉस सारखेच, म्हणून दुसरा कंस एका फटक्यात मेला. पहिल्यातून आले दोन. पर्यायात दोन होते. एका मिनिटाच्या आत! माझ्या अंगावर काटा आला.

मास्तर इतके दिवस हे लपवून ठेवत होता. पट्टीचा धंदा बुडेल ना.

पंचेचाळीस म्हणजे घण आहे घण. एकच घाव.

१७ जानेवारी

मास्तरला सांगितलं. आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. म्हणाला, पंचेचाळीसवर साइन आणि कॉस एकाच कपड्यात उभे असतात. टॅन आणि कॉटसुद्धा. चोर कोण नि साव कोण, ओळखणार कसे? आकडा टाकायचाच असेल तर तीस टाका. तीसला सगळे वेगवेगळे दिसतात.

तीस टाकून बघितलं. बुंध्यात तीन, तिनावर वर्गमूळ, मध्ये रेघ, डोक्यावर एक. अपूर्णांक मला चालत नाहीत. मी पुरा माणूस आहे.

म्हणालो, सर, तुम्ही जुने झालात. पट्टी आली. या वेळी मी ती हवेत पकडली आणि मोडली. मास्तरने शांतपणे दप्तरातून दुसरी काढली. एवढ्यावर माझी शिकवणी बंद. हात उचललेला नाही, पट्टी उचललीय, तीही त्याचीच.

२० जानेवारी

घरी सराव पेपर सोडवला. पंचेचाळीसने. फार लवकर झाला. काही ठिकाणी दोन-दोन पर्याय जुळले. म्हणजे प्रश्न एक आणि बरोबर उत्तरं दोन, फायदाच. मग मागच्या पानावरची उत्तरं पडताळली. बरीच जुळत नाहीत. छापणाऱ्याने घोळ घातलाय. पुस्तकं छापताना माणसं डोळे कुठे ठेवतात कोण जाणे. पुस्तक दोन्ही हातांनी मधोमध फाडलं. जाड होतं. अजून ताकद आहे.

२३ जानेवारी, सकाळी

ऑफिसातून यादी आली. बाजारामागच्या रस्त्यावरचे सगळे ओटे नि जिने काढायचे. यादीत सायकलचं दुकान. जागा रिकामी असल्यामुळे सध्या पथक माझ्याच ताब्यात.

बारक्या म्हणाला, दाजी, मास्तरांचा जिना परीक्षेनंतर काढू. माणूस वर राहतो, आपण त्यांच्याकडे शिकतो. मी म्हणालो, ऑर्डर ती ऑर्डर. निरीक्षक होणाऱ्याने ओळखपाळख बघायची नसते. माझ्या बोटांच्या पेरांचा याच्याशी काही संबंध नाही.

२३ जानेवारी, दुपारी

जिना काढला. पहिला घाव मीच घातला. पंचेचाळीसच्या कोनात, खालच्या पायरीवर. विटा जुन्या, चुना मेलेला. भराभर उतरला. काय मजा आली.

अर्ध्यावर बारक्या मध्ये आला, घणाचा दांडा धरला. मी घण खाली ठेवला, म्हणजे हातात काही नव्हतं, आणि मग त्याच्या नाकावर दिली. त्याने माझ्या बरगडीत दिली. विटांच्या ढिगात दोघं लोळलो. पोरंसोरं जमली, ड्रायव्हर जीपमधून ओरडत होता, दाजी-मेहुण्यांना पाणी मारा रे. ड्यूटीवरच होतो, त्यामुळे चालतं.

धूळ खाली बसली तेव्हा वरून आवाज आला. मास्तर दारात उभा. म्हणाला, अहो मुकादम, जिना नेहमी वरून खाली पाडत यायचा असतो, आणि त्याच्याआधी वरच्या माणसाला खाली घ्यायचं असतं. आता सांगा, मी दूध आणायला कसा जाऊ?

खरं सांगायचं तर वर कोण आहे हे बघण्याचं काम माझ्या हाताखालच्यांचं.

२४ जानेवारी

मास्तरला उतरवायला शिडी नेली. माणुसकी म्हणून. तो खाली येईपर्यंत दुकानवाला शिव्या घालत होता, त्यालाही एक दिली. ड्यूटी.

शिडी मी लावली. कोन बघून. पंचेचाळीस. बारक्या म्हणाला, दाजी, पाय फार बाहेर आलेत, उभी करा थोडी, घसरेल. मी म्हणालो, पंचेचाळीसला सगळं सारखं असतं, वरचा भार नि खालचा भार. गप्प बस, नाक सांभाळ. मास्तर वरून बघत होता. म्हणाला, मुकादम, पुन्हा पंचेचाळीस का? मी म्हणालो, या सर, मी धरलंय.

शिडीचे पाय फरशीवरून सरकले. मास्तर आला तो शिडीसकट. माझ्या अंगावर. मी खाली होतो म्हणून त्याचं खांद्याचंच हाड मोडलं. नाहीतर काय झालं असतं? उपकार कोण मानतो.

फरशी गुळगुळीत होती. त्याची तक्रार करणार आहे.

२८ जानेवारी

हॉस्पिटलात गेलो. घरच्या आग्रहामुळे. ही म्हणाली, माफी मागितल्याशिवाय घरात जेवायला बसू नका. गेलो तर खाटेच्या बाजूला स्टुलावर बारक्या. नाकाला पट्टी, मांडीवर कागद. मास्तर उजवा हात गळ्यात बांधून डाव्या हाताने शिकवत होता. सेक वर्गातून एक वजा, झाला टॅन वर्ग. बारक्या लगेच पुढचं सांगत होता. दोघं एकमेकांकडे बघून हसत होते. मास्तर मला बघून हसला नाही.

मी म्हणालो, कसं वाटतंय. तो म्हणाला, बसा, एक गणित करून दाखवा. मी पंचेचाळीस म्हणेपर्यंत पट्टी आली. डाव्या हातानेही चांगलीच लागते.

म्हणाला, मुकादम, घाव घालणं सगळ्यांना येतं. तुम्हाला सीट पाहिजे ना? मग माझं एक ऐका. परीक्षेत पंचेचाळीस टाकू नका. नाही जमलं तर तीस टाका. पण थोडं बसा. आज बसा. मी शिकवतो. या हातानेसुद्धा शिकवतो.

स्टूल एकच होतं आणि त्यावर बारक्या होता. मी उभा राहून शिकत नाही. निघालो. बाहेरच्या कचऱ्याच्या डब्याला लाथ मारली, तो पत्र्याचा होता. अंगठा सुजलाय.

माफीचं राहून गेलं. घरी सांगितलं, मागितली.

७ फेब्रुवारी

अभ्यास पूर्ण. म्हणजे नवीन काही वाचायचं उरलेलं नाही, कारण पुस्तक फाटलेलं आहे. मन शांत आहे. सकाळी आरशात बघून काच खाली करायचा सराव केला. बोट दाखवायचा पण. ही मागे उभी होती हे उशिरा कळलं. आरसा पुसला आणि आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

११ फेब्रुवारी, परीक्षा

पेपर बघून आनंद झाला. त्रिकोणमिती भरपूर. घण चालू केला. धाड धाड. दोन-तीन प्रश्न आडवे केले.

मग हा आला. वर सेक वर्ग वजा एक. खाली कोसेक वर्ग वजा एक. भागाकार करा. पर्याय: टॅन वर्ग, कॉट वर्ग, टॅनचा चौथा घात, कॉटचा चौथा घात.

पंचेचाळीस टाकला. वर एक. खाली एक. उत्तर एक. पहिल्या पर्यायात टाकला, एक. दुसऱ्यात, एक. तिसऱ्यात, एक. चौथ्यात पण एक!

पुन्हा टाकला. जोरात टाकला. पेन्सिल मोडली. चारही एक.

पुढच्या प्रश्नाकडे गेलो. तिथेही तेच. त्याच्या पुढे पण. सगळेच एक! प्रत्येक पर्याय एक! असा पेपर काढतात? हा सरळ सरळ अन्याय. मी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, हा पेपर चुकीचा आहे, सगळी उत्तरं बरोबर आहेत. हॉलमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. कोण ते समजलं नाही, म्हणून जवळच्याची कॉलर धरली. पर्यवेक्षक धावत आला, बसा म्हणाला. बसा म्हणताना त्याने माझ्या खांद्याला हात लावला. खांद्याला हात लावायचा नसतो.

बाक उलटा झाला. पर्यवेक्षकाचा पाय त्याखाली सापडला. ओरडला बराच. माझ्या बाजूने कोणी साक्ष दिली नाही. शिपायांनी मला उचलून बाहेर काढलं, आणि बाहेर जाता जाता मी एकाच माणसाकडे बघत होतो. पुढच्या रांगेत बारक्या. मान खाली. लिहीत होता. एकदासुद्धा वळला नाही. घरचा माणूस!

अन्यायाविरुद्ध अर्ज करणार आहे.

५ मार्च

निकाल लागला. बारक्या पहिला. माझ्या नावापुढे आकडा नाही. आडवी रेघ आहे आणि खाली बारीक अक्षरात चौकशी असं लिहिलंय. गणित कोणी तपासलंच नाही, म्हणजे मी नापास झालो असं कोणी म्हणू शकत नाही.

संध्याकाळी बारक्या घरी आला. हातात काही नाही, गळ्यात हार नाही. उभाच राहिला. ताईला म्हणाला, त्या पर्यवेक्षकाचं पाऊल मोडलंय, खातं यांना काढून टाकणार होतं. मी हातापाया पडलो. काढत नाहीत, पण पथकात ठेवत नाहीत. जप्तीच्या गोदामावर बसवतायत. पेन्शन राहील.

मास्तरांनीही पत्र लिहून दिलं, म्हणाला. त्या डाव्या हाताने.

मी कप फेकला. चुकला. मग उठलो आणि बारक्याच्या कानाखाली दिली. पूर्ण ताकदीने. तो जागचा हलला नाही. मी थांबलो, आता याचा येईल. बरगडी आवळून धरली. आला नाही. नुसता गाल चोळला आणि म्हणाला, दाजी, झालं? मग उद्या सकाळी वेळेवर गोदामावर जा.

परत मारलं नाही. ही काय रीत झाली?

हिने फुटलेला कप उचलला. भावासाठी चहा टाकला. माझ्यासाठी टाकला की नाही ते बघायला मी आत गेलो नाही.

९ मार्च, गोदाम

मोडक्या हातगाड्या, वजनकाटे, पत्रे, तराजू, रंग गेलेल्या पाट्या. सगळं आधीच मोडलेलं. एक खुर्ची, तीही पायात तार बांधलेली. ड्रायव्हर माल टाकून गेला, खाली उतरला नाही. सोडवायला येणारे दंड भरून पावती दाखवतात, माल घेतात, हात जोडतात, जातात. दरवाज्यावर थांबून मी आवाज चढवून बघितला. एक म्हातारी म्हणाली, दमलात का हो बाबा, पाणी देऊ का?

१० मार्च

आज कोणी आलं नाही. भांडायला सुद्धा.